त्याला ऐकू न आलेला आजार

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. अशा गोष्टींवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. तरी हे लिहितेय, कारण त्या वेळी दवाखान्यात असलेल्या आम्हा तिघांपैकी आता मी एकटीच उरलेय.

साल चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर. नागपुरात धंतोलीत छातीच्या आजारांचा एक दवाखाना होता, तिथे मी केसपेपर करायची. आमचे डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. त्यांनी एक कागद सायक्लोस्टाइल करून घेतला होता — 'माझ्या आजाराची माहिती पुढील व्यक्तींखेरीज कोणालाही देऊ नये.' खाली नावांसाठी दोन ओळी, मग सही. तो पेशंटना समजावून सांगणं माझं काम. सही म्हटली की बहुतेक जण बिचकायचे.

सावनेरची शांता बिचकली नाही. बावीस-तेवीस वर्षांची, एसटीने एकटीच आलेली. एक्स-रेत क्षय निघाला होता. तिने नीट ऐकून घेतलं अन् विचारलं, "म्हणजे माह्या नवऱ्याले बी नाही सांगणार?"

"तुम्ही नाव लिहिलं नाही, तर नाही."

"अन् मी मेल्यावर?"

असं कुणीच कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरांना न विचारताच मी म्हणून गेले, "तरीही नाही."

"माह्या बहिणीले हेच झालं होतं, बाई. सासरच्यांनी गोठ्यात ठेवली तिले. लेकरू हिसकून घेतलं. मले तीन वर्षांची पोरगी आहे..."

दोन्ही ओळींवर आडवी रेघ मारून तिने सही केली.

पोरीला जवळ घेऊन झोपू नको, तिलाही तपासायला आण — डॉक्टरांनी बजावलं होतं. ती हो म्हणाली. दोनदा गोळ्या न्यायला आली, मग आलीच नाही. पत्र टाकायची सोय नव्हती. पोस्टकार्ड सगळं घर वाचतं.

दिवाळीनंतर एका सकाळी तिचा नवरा आला. कोळशाच्या खाणीत कामाला होता. शांता वारली होती. तिच्या पेटीत आमची गोळ्यांची पाकिटं सापडली, त्यांवरचा पत्ता वाचून तो शोधत आला होता.

"काय झालं होतं जी तिले? पोरगी बी आता खोकलून राहिली."

हे ऐकल्यावर मी तो कागद, ती सही, सगळं बाजूला ठेवलं. "क्षय," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "सांगा ना बाई."

"क्षय होता. टीबी."

"बोलत काहून नाही जी तुमी?"

कंपाउंडर गुलाबराव शेजारीच पुड्या बांधत होते. ते वैतागले, "अरे, क्षय म्हणून राहिल्या ना त्या!"

तो त्यांच्या ओठांकडे बघू लागला. "तुमी बी नुसतं तोंडच हलवून राहिले..." आणि तो रडायलाच लागला.

मी केसपेपरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "कोरा कागद काहून देता?"

मी कागद परत घेऊन पाहिला; माझी अक्षरं त्यावर ठळक होती. कसंबसं म्हटलं, "पोरीला घेऊन या. उद्याच."

ते मात्र त्याला ऐकू आलं. "आणतो जी."

त्याने आणली. डॉक्टरांनी तपासलं. "हिला क्षय आहे. मेंदूपर्यंत गेलाय." हे शब्द त्याने स्वच्छ ऐकले, तोंडावर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "इले कोणापासून लागला?"

डॉक्टरांनी सांगितलं. तो थांबून राहिला. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. "बोला ना, डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. डॉक्टरांनी चष्मा काढला अन् माझ्याकडे पाहिलं. लगेच त्याचे कान तपासले — कानांत काही दोष नव्हता.

मानसिक धक्का, असं डॉक्टर नंतर म्हणायचे. असेल. पण तीन माणसांच्या तोंडचं आणि कागदावरचं नेमकं तेवढंच कसं पुसलं गेलं, हे त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही आजतागायत कळलेलं नाही.

पोरगी तीन आठवड्यांत गेली. त्यानंतर तो एकदाच आला, उरलेली औषधं परत करायला.

"बाई, शांताले काय होतं, ते तुमाले पयल्यापासून माहीत होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

ते त्याला ऐकू आलं.