चांदीच्या कागदातलं लोणचं

काका कारंज्याला किराणा दुकानात कामाला होता. चहाची लाकडी पेटी रिकामी झाली की तिच्या आतला ॲल्युमिनियमचा कागद तो घरी आणायचा. आम्ही त्याला चांदीच म्हणायचो. काकू तो पाटावर पसरून वाटीच्या बुडाने घासायची, सुरकुती राहू द्यायची नाही. लोण्याच्या गाडग्यावर बांधला की मुंगी शिरत नसे. एक तुकडा मी कंदिलामागे भिंतीला लावला होता. तेवढ्याच रॉकेलात उजेड जास्त पडे. त्या उजेडात मी मॅट्रिक झाले.

पुढे वर्ध्याला नर्सच्या शिक्षणासाठी मुली निवडणार असं कळलं. वडील म्हणाले, "एक डाव जाऊन पाह्य. नाई झालं तर यंदा लग्न."

पांढरं पातळ नेसून या, असा निरोप होता. शाळेतल्या बाईंनी त्यांचं दिलं. मोटारीत धूळ फार, म्हणून ते घडी करून पिशवीत ठेवलं. निघायच्या आदल्या रात्रीच काकूने वर्ध्याजवळ राहणाऱ्या आत्यासाठी कैरीचं लोणचं चांदीत बांधलं आणि पातळावर ठेवलं.

"काकू, तेल लागंन ना."

"कागद आहे का तो? चांदी आहे. इच्यातून थेंब नाई येत, वं."

साध्या कागदात बांधलं असतं तर तो लगेच तेलकट झाला असता आणि कोणी ते कपड्याजवळ ठेवलं नसतं. चांदी वरून कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिपरीला आत्याच्या घरी पिशवी उघडली. कैरीच्या आंबटाने आणि मिठाने कागद खाल्ला होता. उजेडात धरला तर चाळणी. पातळ घडीचं असल्यामुळे डाग प्रत्येक थरात उतरला होता. आत्याने लगेच सोड्यात घासलं. तेल गेलं, पण हळद सोड्याने लाल झाली. सकाळी वाळलं तेव्हा पांढऱ्यावर तांबडे डाग होते. कशाही निऱ्या घातल्या तरी एक मागे यायचाच.

"पदर खाली सोड. कोण पाह्यते?" आत्या म्हणाली.

निवड करणाऱ्या बाईंनी पाहिलं. मला वळायला सांगितलं. टेबलाशी बसलेल्या दोन पुरुषांसमोर म्हणाल्या, "अशा दिवसांत घराबाहेर पडू नये, एवढं आईने शिकवलं नाही?"

"हळद आहे, बाई. लोणचं सांडलं."

"लोणचं," त्या म्हणाल्या. एक पुरुष हसला. पुढच्या मुलीला आत बोलावलं. ज्या कामात रोज रक्ताचे कपडे उकळायचे, त्या कामासाठी ही परीक्षा होती.

घरी सगळं सांगितलं. वडिलांनी ऐकलं आणि बाहेर गेले. आई चुलीपाशी बसवून हळूच विचारायला लागली, "खरं सांग. आलती का तुले?" मी नाही म्हणाले. तिने पुन्हा विचारलं. काकू तर दोषातून मोकळी झाली होती. "चांदीले कायले नाव ठेवतं? तिचे दिवसच वाईट होते," असं ती शेजारणींना सांगत सुटली, आणि ते सगळ्यांना पटलं.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मी सासरी जायच्या आधी काकूने कंदिलामागचा कागद काढला, वाटीने घासला आणि लोण्याच्या गाडग्यावर बांधला. लोण्यात ना कैरी होती, ना मीठ. कागद वर्षभर टिकला म्हणतात.