इंजिन बंद करून ऐकणारा माणूस

त्या दुकानदाराचा मला अजून राग आहे. आता काही वाटत नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. नांदेडात गाड्यांना सीटकव्हर, दिवे, स्पीकर बसवून देणारी दुकानं ओळीनं आहेत, त्यातलं एक त्याचं. माझ्या गाडीतले स्पीकर आणि सीटखालचा अँप्लिफायर त्यानंच बसवला.

गाडी माझी, माझ्या नावावरची. घरचे मालक, म्हणजे माझा नवरा, वारल्यावर मी चालवायला शिकले. त्याआधी सगळी हयात शिवणयंत्रावर गेली. आम्ही पाच बाया भीमगीतं म्हणतो. वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, विहारांतून बोलावणी येतात, कधी मुखेडकडून, कधी अहमदपूर, कधी पार लातूर. ढोलकी, पेटी आणि पाच बाया एसटीत चढवणं काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. म्हणून गाडी. आणि वाटेत आपलंच रेकॉर्डिंग ऐकून कोण कुठं बेसूर झालं त्यावर भांडायचं, म्हणून स्पीकर.

तर स्पीकर बसवले त्या दिवसापासून गाडीत एक बारीक सूर यायला लागला. कानाशी डास फिरावा तसा. गाणं हळू केलं की स्पष्ट ऐकू यायचा. पाय दाबून वेग वाढवला की चढायचा, पाय काढला की उतरायचा. त्यात ढोलकी घुमायला लागली की डावा दरवाजा खडखडायचा. एकदा लोह्याच्या पुढं मी गाडी कडेला घेऊन ऐकत बसले होते. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न मारला. आमच्यातल्या एकीनं ते घरी येऊन माझ्या मुलाला सांगितलं. बाईच्या पोटात काही राहत नाही.

मुलगा आणि मी दुकानात गेलो. दुकानदार ड्रायव्हरच्या सीटवर बसला, इंजिन बंद ठेवलं आणि मोबाईलवरून त्याच्या आवडीचं एक गाणं लावलं.

"कुठंय मावशी आवाज?"

"इंजिन चालू करा ना. मग येतो."

"स्पीकरच्या आवाजाला इंजिन कशाला लागतं? उगाच पेट्रोल जाळून राहिल्या तुम्ही."

मी माझं गाणं लावलं. ढोलकी आली, दरवाजा खडखडला. आता तरी मान्य करील असं वाटलं. तो हसला.

"हे रेकॉर्डिंगच तसलं हाय. तसल्या गाण्यात असंच राहते. चांगलं गाणं लावा, चांगलं वाजंल."

'तसल्या' म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं आणि मलाही. माझा मुलगा समोरच्या बोर्डावरची अक्षरं वाचत उभा राहिला. मग दुकानदारानं त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाजूला नेलं, पण मला ऐकू जाईल एवढंच बाजूला.

"साहेब, आजींचं वय झालं. या वयात कानात शिट्टी वाजते. माझ्या मायला पण वाजायची. मनावर घेऊ नका."

आत शिरताना मी मावशी होते. बाहेर पडेपर्यंत आजी झाले.

घरी आल्यावर मुलानं किल्ली माझ्या हातात दिली नाही. म्हणाला, "आई, नसलेला आवाज तुला ऐकू येतो, मग असलेला हॉर्न ऐकू येईल का?"

"अरे पण आवाज आहे."

"त्यानं तपासलं ना माझ्यासमोर."

"इंजिन बंद करून तपासलं."

"तू आता गाडी चालवू नको. झालं."

आश्विन पौर्णिमेला अहमदपूरजवळच्या एका विहारात आमचा कार्यक्रम ठरला होता. मुलगा म्हणाला, सुट्टी मिळाली तर मी सोडीन, नाही तर एसटीनं जा. म्हणजे माझ्या गाडीत बसायला मला त्याच्या साहेबाची रजा लागणार. आवाज बंद व्हावा एवढंच आता पुरणार नव्हतं. ज्यानं माझे कान म्हातारे ठरवले, त्याचं तोंड चार लोकांत बंद झालेलं मला बघायचं होतं.

मुलगा स्कूटरवर ऑफिसला जायचा आणि गाडी अंगणात उभी राहायची. एके दिवशी सूनबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आत्याबाई, किल्ली फ्रिजवर हाय. मी काही सांगितलं न्हाई."

"आणि त्यानं विचारलं तर?"

"गाडी फाटकाबाहेर नेऊ नका, म्हणजे मी खोटी पडणार न्हाई."

मोबाईलवर हिंदीत सगळं दाखवतात. एकेक व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. कळलं ते असं. अँप्लिफायरची एक तार गाडीच्या पत्र्याला जोडतात, तिला अर्थिंग म्हणतात. ती उघड्या पत्र्याला घट्ट लागली पाहिजे. नाही लागली तर इंजिनासोबत फिरणारं जे यंत्र वीज तयार करतं, त्याचा आवाज स्पीकरमध्ये उतरतो. इंजिन बंद असलं की तो येणारच नाही. म्हणजे त्या माणसानं आवाज जिथं नसतो तिथं शोधला आणि नाही म्हणाला.

आधी बॅटरीची तार सोडवली, मग सीट सरकवून पाहिलं. पठ्ठ्यानं अर्थिंगचा स्क्रू रंगावरच आवळला होता. मी दुसरी जागा पॉलिश पेपरनं घासली, पत्रा चांदीसारखा निघाला, तिथं नवी जाड तार आवळली. बॅटरी जोडून इंजिन चालू केलं आणि पाय दाबला. काही नाही. मी तिथंच सीटवर बसून हसले. सूनबाई दारातून म्हणाली, "आत्याबाई, शेजारीण बघून राहिली."

पण त्याची तार मी काढून टाकली नाही. ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानातून दोन बाजूंचा एक दणकट खटका आणून सीटखाली दोन्ही तारांना जोडला. उजवीकडं केला की माझी अर्थिंग, डावीकडं केला की त्याची. हे काही दुरुस्तीला लागत नव्हतं. मला लागत होतं.

मग दरवाजा. मोबाईलवर एकच जाड सूर लावून ठेवला आणि दरवाजाच्या आतल्या पॅनलवर जागोजाग तळवा दाबत गेले. हँडलखाली दाबलं की खडखड थांबायची. पॅनल उचकटलं. स्पीकर बसवताना त्यानं क्लिपा तोडल्या होत्या, तारांचा जुडगा तसाच लोंबत सोडला होता, आणि एका तुटक्या क्लिपच्या जागी गुटख्याच्या पुडीची घडी करून खुपसलेली. मी तारा नमद्याच्या जाड लोकरी कापडात गुंडाळून शिवल्या, हो, सुईदोऱ्यानं शिवल्या, नव्या क्लिपा ठोकल्या. पुडी जपून ठेवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या दुकानांपुढं नव्या गाड्यांची झुंबड असते. म्हणून तोच दिवस धरला. मुलाला म्हटलं, सीटकव्हर घ्यायचंय, तूच चालव. वाटेत खटका डावीकडंच होता. पण आत पंखा फुल्ल आणि बाहेर रस्त्याचा गलका, त्याला काही कळलं नाही. दुकानापुढं त्याला म्हटलं, इंजिन बंद करू नको, बसून राहा. चारी दरवाजे उघडले. नवी गाडी घेऊन आलेला एक भला माणूस उभा होता, त्याला हाक मारली.

"दादा, जरा इथं बसता का? माझे कान म्हातारे झालेत म्हणतात. तुमचे तरुण आहेत."

तो हसत मागं बसला. मुलाला म्हटलं, पाय दाब. मुलानं दाबला. सूर चढला. सोड म्हटलं, उतरला.

"हे यांचं काम," मी दुकानदाराकडं बोट केलं. खटका उजवीकडं ओढला. फट्ट झालं आणि शांत. "आता दाब." मुलानं दाबला. काही नाही. "हे माझं."

परत डावीकडं. परत उजवीकडं. मुलगा पाय दाबत होता आणि त्याची मान खाली खाली जात होती.

नव्या गाडीवाला म्हणाला, "शेठ, आमच्या गाडीचं राहू द्या आज. नंतर बघू."

"अहो, थांबा ना," दुकानदार त्याला म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "मावशी, आत या, चहा घेऊ. फुकट नीट करून देतो."

"आजी म्हणा. आणि नीट झालंय. आता तसलं गाणं लावते, दरवाजावर हात ठेवा."

फुल्ल आवाजात लावलं. ढोलकी सगळ्या रस्त्यावर घुमली. त्याचा हात दरवाजावर.

"खडखडतो का?"

"न्हाई."

"मागच्यांना ऐकू गेलं न्हाई," मी म्हटलं.

"न्हाई खडखडत."

ती पुडीची घडी मी त्याच्या काउंटरवर ठेवली. दरवाजात काय सापडलं ते गिऱ्हाईकांना सांगितलं, चवीनं सांगितलं. मग म्हटलं, "माझ्या कानाचं या माझ्या पोराला जे सांगितलं ते परत घ्या."

तो माझ्या मुलाला म्हणाला, "साहेब, चूक अर्थिंगची होती. यांचे कान चांगले हायत."

गाण्यांबद्दल तो काही बोलला नाही. मी थांबले होते. तो पुढच्या गाडीकडं वळला. ते मी मागितलं नाही. मागून घेण्यासारखं ते नव्हतं आणि सोडून देण्यासारखंही नाही. अजून बाकीच आहे ते.

घरी आल्यावर मुलानं किल्ली पुढं केली.

"दुसरी पण," मी म्हटलं.

"ती कशाला?"

"माझ्याजवळ राहू दे. तुझं वय झालं की कुठं ठेवली ते विसरशील."

पौर्णिमेला सकाळीच बाया आल्या. ढोलकी मागं, पेटी मांडीवर. मुलगा फाटक उघडून उभा होता. त्यानं रजा काढली होती.

"मी येऊ का आई सोबत? येताना मी चालवीन."

"जागा न्हाई. ढोलकी हाय."

बाया हसल्या. गाडी रस्त्याला लागली तेव्हा तो मागून काहीतरी म्हणाला. मला ऐकू आलं. मी काच वर केली.