अब्बांनी शिवून बंद केलेली फट

उंब्रजला हायवेच्या कडेला अब्बांचं कुशनचं दुकान, आणि दुकानामागं एकच खोली. त्या खोलीत आम्ही सहा जण वाढलो. गादी नव्हती. जीप-टेम्पोची सीटं शिवून उरलेले स्पंजचे तुकडे अम्मी पोत्यात भरायची, त्यावर झोपायचं. पावसाळ्यात गाड्या कामाला यायच्या नाहीत, की आठ-आठ दिवस नुसत्या भाकरी आणि चटणीवर जायचे. मी रेग्झिनच्या गुंडाळीवर बसून अभ्यास केला. आमच्या घराण्यात कॉलेजला गेलेली मी पहिली. विश्रामबागच्या कॉलेजातून पदवी घेतली, सांगलीतच नोकरी लागली. हे मी कुणी न विचारताही सांगते.

आणि एवढं शिकून मला लेकीसाठी गाडीत बसवायची एक सीट निवडता येईना.

ती आठ महिन्यांची होती. दर पंधरा दिवसांनी आम्ही गाडीनं उंब्रजला जातो, ते सगळं हायवेनं. मला अशी सीट हवी होती, जी आधी पाठमोरी लावता येईल आणि मूल वाढलं की समोर तोंड करून. गाडीला धक्का बसला तर पाठमोऱ्या सीटेवर तान्ह्याची मान सांभाळली जाते, आणि एकदा घेतली की सात वर्षं बघायला नको. सांगलीतल्या तीन दुकानांत फिरले. एकानं पाळणा दाखवला, दुसऱ्यानं जेवायची खुर्ची. तिसऱ्याकडं सीट होती, पण तो म्हणाला, "पाठमोरी कशाला मॅडम? पोराला पुढचं काय दिसणार?"

अम्मीचं फोनवर वेगळंच. "एवढ्याशा लेकराला तोंड फिरवून बसवायचं? काय गुन्हा केलाय तिनं? मी घेते की मांडीवर."

शेवटी ऑनलाइन मागवली. गाडीच्या बेल्टनं आवळून बसवली, सोबत आलेल्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणं हातानं हलवून बघितली. बोटभराच्या वर हलायला नको होती. ही चार बोटं सरकली. नवरा गुडघा रोवून बेल्ट ओढत होता, घामाघूम. तरी सरकलीच. परत पाठवली. दुसरी मागवली, गाडीच्याच सीटमध्ये बसवलेल्या लोखंडी कड्यांत अडकणारी. आता गाडीत कड्याच सापडेनात. शोरूमला फोन केला.

"असतात मॅडम. मागच्या सीटची पाठ आणि बैठक, त्या फटीत हात घाला."

"फटच नाही!"

"असं कसं होईल?"

मी त्याला चार शब्द सुनावले आणि फोन ठेवला. मग गाडीत जाऊन बसले आणि नीट बघितलं. गाडी घेतली तेव्हा अब्बांनी स्वतःच्या हातानं सीट कव्हर शिवलं होतं. जाड स्पंज, दुहेरी शिलाई. फटीत भडंग सांडतं म्हणून पाठ आणि बैठक यांच्यामध्ये रेग्झिनची पट्टी लावून त्यांनी फट कायमची बंद केली होती. पट्टीवरून दाबलं, तर आत काहीतरी टणक लागलं. त्याच जाड स्पंजावर पहिली सीट सरकत होती. बिचाऱ्या सीटमध्ये खोट नव्हती. मी उगाच परत पाठवली.

रविवारी उंब्रजला गेलो. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बा चिडले की मराठीत चिडतात. दुकानात सगळी भांडणं मराठीतच झाली ना!

"आठ दिस बसून शिवलंय मी. कापायचं न्हाई."

"अब्बा, आत कड्या आहेत."

"अगं, चाळीस वर्सं सीटं शिवतोय. कुणी कडी मागितली न्हाई. तू चार बुकं शिकलीस म्हणून मला शिकवतीस व्हय?"

"शिकवते. तुम्हीच कॉलेजला घातलंत. आता ऐका."

अम्मी मध्ये पडायला लागली, तिला मी हात दाखवून थांबवलं. आवाज चढला होता माझा. शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम सोडून बघायला लागला. मी नुसत्या बेल्टनं सीट आवळली आणि म्हटलं, "हलवा. मी काही बोलत नाही, तुम्हीच हलवा."

अब्बांनी दोन्ही हातांनी सीट धरली. डावीकडं ओढली, उजवीकडं ओढली. मग आत जाऊन कात्री आणि ब्लेड घेऊन आले.

"तुझ्या बुकात लिवलंय म्हणून न्हाई," पट्टी उसवता उसवता म्हणाले. "हाताला सरकलं म्हणून कापतोय."

बैठकीखालचा जादा स्पंजही त्यांनी काढला. कड्यांच्या जागी दोन चौकोनी भोकं ठेवली, कडा दुमडून पुन्हा शिवल्या. सीट खट्कन अडकली, दोन्ही बाजूंनी.

दोन महिने फुकट गेले, त्याचा राग मला अजून आहे. शोरूमवाल्याला उगाच बोलले, त्याचं वाईटही वाटतं. पण आता आमची मुलगी सांगली ते उंब्रज पाठमोरी, पट्टे लावून येते, आणि तिची सीट जागची हलत नाही.