एक रत्तल जास्त

आर्डिस ट्वेटच्या पोटात दुखायचं ते एकाच घरामुळे, आणि ते घर नेमकं तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं. ब्रेक्के लोकांचं. त्यांचं कोठार लाल, म्हणून हिने नवऱ्याच्या मागे लागून आपलंही लाल करवलं. दुसऱ्याच वर्षी लोरेन ब्रेक्केने त्याला पांढरी किनार दिली. झालं, आठ दिवस ही बाई धड जेवली नाही. सत्तावन्नावं लागलं, नातवंडं झाली, पण खोड काही गेली नाही. विस्कॉन्सिनच्या आमच्या खोऱ्यात अशी माणसं जरा जास्तच पिकतात.

त्या साली चर्चच्या आवारात दगड बसायचा होता. नॉर्वेहून आधी आलेल्या घराण्यांची नावं त्यावर कोरायची. सगळ्यात वर कोण? लोरेन म्हणाली, आमचे पणजोबा क्नूट. पाद्रीबाबांनी मान डोलावली आणि आर्डिसच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आधी आला म्हणे," घरी येऊन तिने कॉफीची किटली आदळली. "ही काय धक्क्यावर उभी होती बघायला?"

"दगडच तो," नवरा ऑरविल म्हणाला. "वर काय आणि खाली काय."

"तू घरजावई. तुला काय कळणार?"

ऑरविलने बटाट्याच्या पातळ पोळीला, लेफसेला, लोणी लावायला घेतलं. तीस वर्षांत तो एवढं शिकला होता.

दुसऱ्या दिवसापासून आर्डिस जिल्ह्याच्या वाचनालयात. जुन्या शिरगणतीची फिल्म यंत्रावर चढवायची आणि वाकडीतिकडी अक्षरं लावत बसायचं. १८६०च्या कागदात क्नूट निघाला नाही, तर दगड आपला. चौथ्या दिवशी शेतीचा तक्ता सापडला. वरच्या ओळीत क्नूट ब्रेक्के, खालच्या ओळीत तिचे पणजोबा हाल्वर ट्वेट. दोघंही हजर. मेली ओळसुद्धा वरची त्यांचीच.

चिडून ती आकडे वाचू लागली. क्नूटच्या गाई चार, हाल्वरच्या पाच. क्नूटची डुकरं सहा, हाल्वरची सात. क्नूटकडे वर्षाचं लोणी दोनशे रत्तल, हाल्वरकडे दोनशे एक. आता वर्षभराचं लोणी इतकं काट्यावर कोण तोलतं? गणतीवाला शेजारून आला तेव्हा पणजोबांनी त्याच्या खांद्यावरून वरची ओळ वाचली असणार. आर्डिसला हसू फुटलं. पणजोबा तिला आज पहिल्यांदा आपले वाटले.

मग तिने १८७०चा तक्ता लावला. क्नूटकडे लोणी दीडशे रत्तल. हाल्वरकडेही दीडशे. एकाचाही फरक नाही.

हे काय? म्हातारा हरला की काय? तिने त्याच सालचा माणसांचा तक्ता काढला. क्नूटच्या घरात तीन मुलं, बायकोचं नाव नाही. हाल्वरच्या घरात त्याची बायको इंगेबोर्ग, तिची चार मुलं, धाकटं आठ महिन्यांचं. आणि अगदी शेवटी आणखी एक नाव: निल्स ब्रेक्के, वय दोन महिने.

निल्स म्हणजे लोरेनचे आजोबा. त्यांची आई बाळंतपणात गेली असणार. इंगेबोर्गने ते पोर आपल्या अंगावर पाजलं, दोन्ही घरांचं लोणी घुसळलं आणि निम्मंनिम्मं वाटलं.

आर्डिसला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कागदाची प्रत काढून ती थेट लोरेनच्या दारात.

"वाच," ती म्हणाली. "तुझे आजोबा आमच्या घरच्या दुधावर जगले. आता सांग, वर कोण?"

लोरेनने चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि खुर्चीत बसली.

"तरीच," ती म्हणाली.

"तरीच काय?"

"आजोबा दर शनिवारी तुमच्याकडे रत्तलभर लोणी घेऊन जायचे. हिमात जायचे, अंगात ताप असला तरी जायचे. का म्हणून विचारलं, तर म्हणायचे, तिकडे न्यायचंच असतं. पुढे कधी काही बोलले नाहीत." तिने डोळे टिपले. "तुम्हाला आवडायचं का गं ते?"

आर्डिसला ते लोणी लख्ख आठवलं. पांढऱ्या फडक्यात बांधलेलं, वर फुलाचा ठसा. म्हातारा वळला की आई दार लावून म्हणायची, "आला मिरवायला. जशा काय आमच्या गाई भाकडच." आणि ते लोणी बुटांना चोळायला लावायची. चोळायचं काम आर्डिसचं. दर शनिवारी ती ते हसत हसत करायची.

"आवडायचं," आर्डिस म्हणाली. "वाट बघायचो आम्ही."

"मग इंगेबोर्गचंच नाव वर घालू. पाद्रीबाबांना मी सांगते," लोरेन म्हणाली आणि उठून आत गेली. ती अजूनही हौसेने घरीच लोणी काढायची. बाहेर आली ती रत्तलभर लोणी फडक्यात बांधूनच.

घरी आर्डिसने ते टेबलावर सोडलं. तोच फुलाचा ठसा. ऑरविलने बोटाने चाखलं.

"आपल्यापेक्षा चांगलं आहे गं," तो म्हणाला.

तिने जन्मात पहिल्यांदा त्या घरचं लोणी जिभेवर ठेवलं. होतंच चांगलं. त्याचाही तिला हेवा वाटला, आणि मग तिचं रडू काही केल्या थांबेना.