आतोबांचा चातुर्मास

उदास माणसं जगात पुष्कळ असतील, पण आमच्या आतोबांइतका प्रामाणिक उदास माणूस सबंध ग्वाल्हेरात दुसरा नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सिद्ध करायला तयार आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान; दर्पण कॉलनीतले शेजारी त्यांना फूफाजी म्हणतात. नोकरीभर ते नापतोल खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी वजनं तपासायची, खोटं माप सापडलं की चालान फाडायचं आणि चहाला हातही न लावता पुढे जायचं. किला गेटचे किराणावाले लांबून त्यांची स्कूटर ओळखत आणि तराजू पुसायला घेत. निवृत्तीनंतर हा काटेकोरपणा जाईल असं आत्याला वाटलं होतं. तो राहिला, बाकीचं सगळं गेलं. एका हिवाळ्यात आधी त्यांची भूक गेली, मग झोप गेली, मग क्रिकेट गेलं, आणि शेवटी सकाळी उठून सदरा अंगात का घालायचा, हेच त्यांना कळेना.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा मोर्च्यांची पत्रकं वाटून यायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करायची. जिथे दुःख आहे तिथे कुणीतरी जबाबदार आहे, हे मला पाढ्यांच्या आधीपासून पक्कं ठाऊक. आतोबांच्या दुःखाला जबाबदार कोण, याचा मी खूप शोध घेतला. कुणी सापडेना, तेव्हा सल्ला देणाऱ्यांवर राग काढायला लागले, कारण ते भरपूर होते. मन रमवा म्हणणारे, देवदर्शन करा म्हणणारे, ‘आमच्या साडूंनाही असंच होत होतं’ म्हणून साडूंचीच कहाणी सांगत बसणारे. मी त्यांना दारातून परत पाठवावं आणि आतोबांनी त्यांचं सगळं मान हलवत ऐकून घ्यावं. तपासल्याशिवाय कुठलाही माल खोटा म्हणायचा नाही, हा त्यांचा नियम.

म्हणून त्यांनी सगळं करून पाहिलं. फूलबागेतल्या हास्यमंडळात गेले. तिथे सगळे हात वर करून हसत असताना हे मधोमध चेहरा जसाच्या तसा ठेवून उभे. शेजारच्याचं हसू थांबलं, मग त्याच्या शेजारच्याचं, आणि असं करत करत अख्खी रांग गप्प झाली. मंडळाच्या प्रमुखांनी हात जोडून त्यांना फिरणाऱ्यांच्या गटात जायला सांगितलं. घरी येऊन म्हणाले, ‘हसण्यात भेसळ आहे.’ होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या घेतल्या, वैद्यांचं चूर्ण दुधातून घेतलं. कुणीतरी मौनाच्या शिबिराची माहिती आणली, तेव्हा आत्याच कडाडली, की मौन घरीच चालू आहे, त्यासाठी गावाबाहेर जायची गरज नाही.

शेवटी मी त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, आणि सोबत एका समुपदेशक बाईंकडे जाऊन बोलत राहा म्हणाले. आता आतोबांना या दोहोंत तुलना करायची होती. गोळीच्या डबीतला बारीक अक्षरांचा कागद त्यांनी भिंग लावून वाचला आणि मला दाखवला: दुष्परिणामांत उदासीही होती. ‘ही तर माझ्याकडे आधीचीच आहे,’ म्हणाले. बोलण्याचा उपाय त्याहून अवघड निघाला. समुपदेशक बाई हिंदी बोलणाऱ्या. ‘अंदर कैसा लगता है, अंकलजी?’ विचारलं की आतोबा ताठ बसत आणि सरकारी हिंदीत अहवाल दिल्यासारखं उत्तर देत. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘हिंदीत मी जन्मभर फक्त चालान फाडले, बेटा. हे मला मराठीतच होतं.’ मग मी मध्ये दुभाषी बसले. ‘भकास’ला हिंदीत काय म्हणायचं यावर आमचा अर्धा वेळ गेला, आणि त्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले.

उन्हाळ्यात एका सकाळी आतोबा भाजीवाल्याशी वजनावरून भांडले. आत्या ते भांडण खिडकीतून, हात जोडून ऐकत होती. त्या दिवशी तिने पेढे आणले. गोळीमुळे, बोलण्यामुळे की नुसत्या उन्हाळ्यामुळे, हे आम्हाला कुणालाच सांगता आलं नसतं, पण माणूस परत येत होता.

मग आषाढी आली. आत्याच्या घरात चातुर्मासाचा नेम प्रत्येक जण धरतो: एक आवडती वस्तू कार्तिकीपर्यंत सोडायची, आणि काय सोडली ते कुणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं की पुण्य जातं. ताटातून जे गायब होतं त्यावरून ओळखायचं. आत्याचं वांगं गायब झालं. आतोबांच्या ताटातून काहीच गेलं नाही. श्रावणात मात्र आतोबाच जायला लागले. पुन्हा तीच खुर्ची, तोच न घातलेला सदरा. समुपदेशक बाईंकडे यायला नकार. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली, काही फरक नाही. शेजारच्या काकू ‘हमने तो पहले ही कहा था, अंग्रेज़ी दवा है’ म्हणाल्या, आणि मी दार जरा जोरातच लावलं.

भाद्रपदातल्या एका दुपारी किला गेटच्या एका किराणावाल्याचा आत्याला फोन आला. आतोबांनी कधीकाळी त्याचं चालान केलं होतं, तेव्हापासून त्यांच्यावर नजर ठेवायची त्याला सवयच लागली होती. ‘साहब अकेले ऊपर गए हैं. चप्पल नीचे छोड़ गए,’ तो म्हणाला. आत्या आणि मी रिक्षाने किल्ल्याच्या पायथ्याशी गेलो. आत्याचे गुडघे दुखतात, तरी ती माझ्या पुढे चढत होती. आतोबा तटाजवळ बसले होते, भिंतीला पाठ लावून, अनवाणी. आम्हाला पाहून ओशाळले. मी शेजारी बसले आणि त्यांचा हात घट्ट धरला. गोळी घेतली का, एवढंच विचारलं.

‘नेम आहे,’ ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं, दुकानदाराला कायदा समजावावा तसं, शांतपणे. ‘आवडीचं सोडायचं ना? मला काही आवडतच नव्हतं. श्रीखंड सोडलं असतं तर ती देवाची फसवणूक झाली असती, ते मला नकोच होतं. ज्याच्यावाचून चालत नाही असं माझ्याकडे एकच उरलं होतं.’

अशा वेळी काय बोलायचं हे कुठल्या पत्रकात छापलेलं नसतं. मला ओरडायचं होतं, त्यांच्यावर नाही, पण दुसरं कुणी समोर नव्हतं. आत्या धापा टाकत खाली बसली. तिने त्यांचे पाय पदराने पुसले. मग म्हणाली, ‘तुमचा नेम मला द्या.’

‘तू गोळी घेत नाहीस.’

‘माझ्याकडेही एक आहे, ज्याच्यावाचून मला चालत नाही.’ ती म्हणाली, ‘आजपासून कार्तिकीपर्यंत मी तुम्हाला बरं वाटतंय का, हे विचारणार नाही.’

उठल्यापासून निजेपर्यंत ती दर थोड्या वेळाने हेच विचारायची, चहा देताना, दार लावताना, कुशीवर वळताना. हा व्यवहार बरोबरीचा आहे, हे आतोबांना पटलं. मी डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, सगळं खरं सांगितलं, आणि त्यांनी सांगितलं तशी गोळी पुन्हा कमी मात्रेपासून सुरू झाली. मी पुन्हा दुभाषी झाले.

त्या महिन्यांत आत्याला बघवत नसे. चहाचा कप ठेवायची, तोंड उघडायची, आणि स्वयंपाकघरात निघून जायची. ती विचारत नाही तर मग आपणच काही सांगावं, असं आतोबांना वाटेल, अशी मला आशा होती. ते कधी काही बोलले नाहीत.

कार्तिकी झाली. द्वादशीला पारणं फेडायला आम्ही जेवायला बसलो. आत्याने स्वतःच्या ताटात वांग्याची भाजी वाढून घेतली, पण घास उचलला नाही. आतोबा म्हणाले, ‘अगं, विचार ना.’

तिने विचारलं.

‘नाही,’ आतोबा म्हणाले. ‘अजून नाही.’ आणि तिचा पहिला घास होईपर्यंत थांबून, मग ते जेवू लागले.