गेटवर जमा असलेल्या फोनवर कोण बोललं?

आधीच सांगून टाकते, मी फिजिक्स शिकवते. स्टाफरूममध्ये कुणी भुताखेतांचं काढलं की मी सरळ म्हणते, ‘पुरे हां, पेपर तपासा.’ त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण लिहिते.

आमचं ज्युनिअर कॉलेज महाळुंग्यात, चारी बाजूंनी कंपन्या. अकरावीतली वैष्णवी गणिताच्या दोन चाचण्यांत नापास झाली. पोरीला इंजिनिअर व्हायचं होतं, पण घरून अभ्यास शून्य. विषय बदलायचा तो शेवटचा दिवस होता. गणित गेलं की इंजिनिअरिंगही गेलं, हे मला कळत होतं. तरी आम्ही शिक्षकांनी ठरवलं – गणित सोडून भूगोल. आईची सही घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

दुपारच्या सुट्टीत मी तिच्या आईला, सुरेखाताईंना, फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. मागे मशीनचा आवाज नाही, माणसांचा नाही, काहीच नाही.

“बाई, तिचं गणित काढू नका,” मी काही बोलायच्या आतच! “एकच खोली हाय. बाप रातपाळी करून पार रातीपर्यंत झोपतो, लाईट लावू देत नाही. पोरीनं बसावं कुठं? तुमच्याकडं बसवा. मलाबी शाळेत बाईंनी असंच म्हटलं होतं, तुला झेपायचं नाही. मी शाळाच सोडली.”

लगेच पुढे म्हणाली, “संध्याकाळी मी सही करायला येईन. मला करू देऊ नका.”

फोन बंद. मला रागच आला, ही काय भाषा? पण वैष्णवीला बोलावून घरचं विचारलं, तर ती रडायलाच लागली. सगळं खरं होतं. तीन महिने मी तिला ‘आळशी’ म्हणत होते, एकदाही विचारलं नव्हतं. लाज वाटली हो! तडक प्राचार्यांकडे गेले, कॉलेज सुटल्यावर लॅब उघडी ठेवायची परवानगी घेतली. गणिताचे कदम सर आधी कुरकुरले, मग म्हणाले, “बसतो मी रोज तासभर.”

शिफ्ट सुटल्यावर सुरेखाताई आल्या. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, हातात पेन.

“मॅडम, सही कुठं करायची?”

मी अर्ज बाजूला सरकवला. “अहो, दुपारी तुम्हीच फोनवर नको म्हणालात ना?”

“मी? काय म्हणायलात मॅडम? आमचा फोन सकाळीच कंपनीच्या गेटवर जमा होतो, तोबी बंद करून. हे बघा, अजून चालूच केला नाही.” त्यांनी माझ्यासमोर फोन चालू केला. त्यात माझा कॉल नव्हता. माझ्या फोनमध्ये होता, बोलणं झाल्याच्या वेळेसकट. नंबर तोच. आवाजही हाच!

कुणी तरी गेटवर फोन चालू करून उचलला असेल, मी स्वतःला समजावलं. पण मग शाळा सोडल्याचं बोलणं? ते त्यांना सांगितलं, तर त्या खुर्ची ओढून बसल्या.

“हे मी वैष्णवीच्या पप्पालाबी कधी सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “अजून काय म्हणाली ती?”

“तुम्हाला सही करू देऊ नका म्हणाली.”

त्यांनी पेन पर्समध्ये ठेवलं आणि तोंडाला रुमाल लावून रडल्या.

वैष्णवी आता बारावीत आहे, गणित घेऊनच. रोज लॅबमध्ये बसते, सोबत आणखी चार पोरी असतात. हा प्रकार मी कदम सरांना सांगितलाय. परवा कदम सर म्हणाले, “एकदा दुपारी तो नंबर परत लावून बघा की.”

“तुम्हीच लावा,” म्हणून मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नाही लावला.