मर्लचे हात अडकायला नकोत

ल्युनेनबर्गच्या मासळीच्या कारखान्यात अल्मा कॉर्कमने उभी हयात कॉड कापण्यात घालवली. बर्फात काम करून करून बोटं आखडली, पण बोलायची थांबली नाहीत. तिची धाकटी बहीण मर्ल जन्मापासून बहिरी. या किनाऱ्यावरच्या बहिऱ्यांची जुनी हातांची भाषा आता म्हाताऱ्याकोताऱ्यांनाच येते, आणि ती बोलायला अल्माला मर्लशिवाय कुणी उरलं नव्हतं. मर्ल राहते लांब, ॲमहर्स्टला. रविवारी चर्च आटोपलं की दोघी आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसायच्या आणि हातांनी अख्ख्या गावाची उणीदुणी काढायच्या.

पण अल्माचा कॉम्प्युटर थकला होता आणि त्यावरची सिस्टीम दिवसेंदिवस जड होत चालली होती. पडद्यावर मर्लचे हात हवेतच अडकायचे, सुटेपर्यंत निम्मं वाक्य गायब. वर रोज तीच सूचना: ही सिस्टीम आता संपली, नवा कॉम्प्युटर घ्या. चालत्या यंत्राला मोडीत काढा म्हणणाऱ्यांचा अल्माला मनस्वी राग यायचा. कारखान्यानेही तिला असंच घरी बसवलं होतं.

मग एका शनिवारी ती खटारा उचलून गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गेली. तिथे टेलिफोनच्या खांबांवर जन्म काढलेला नील झ्विकर आणि निवृत्त ग्रंथपाल बेव्हर्ली निकल लोकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम बसवून देतात. फुकट. अट एकच, आपलं झालं की पुढच्या कुणाचं तरी बसवून द्यायचं. आता लिनक्सचे प्रकार शेकड्यांनी, आणि ज्याला त्याला आपलाच लाडका.

"हिला माझी दे," बेव्हर्ली म्हणाली. "नवख्या माणसाला सोपी पडते."

"या यंत्रावर तुझी? धापा टाकेल ते! हलकीच हवी, माझी आहे तशी."

"तुझी वापरायची तर आधी तुझ्याशी लग्न करावं लागेल. दुसऱ्या कुणाला कळते का ती?"

"तुमचं भांडण झालं की सांगा," अल्मा म्हणाली. "मला काही कळत नाही. माझ्या बहिणीचे हात अडकायला नकोत, बस."

नीलने पेनड्राइव्ह तिच्या हातात ठेवला. "घरी लावून चालवून बघ. पसंत पडली तर बसवू."

रविवारी मर्लचे हात न अडखळता पळाले. अल्माला आकाश ठेंगणं झालं. पुढच्या शनिवारी ताजे ओटकेक घेऊन तिने पेनड्राइव्ह परत केला. "बसली हं एकदम छान!" कुणाच्या तरी यंत्रात डोकं खुपसून बसलेल्या नीलने हूं केलं आणि ओटकेक तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला तर पुन्हा तीच जुनी सिस्टीम. मर्लचे हात छातीपाशीच थिजले. तिने तीन-चारदा तेच सांगून पाहिलं, मग चिडून टाइप केलं: राहू दे आता. पत्रं लिहू.

अल्माला रडूच फुटलं. मर्लची थट्टा, तिच्या भुवया, तिचं ते मध्येच नाक मुरडणं पत्रात कुठून यायचं? तिने कोट चढवला आणि तडक नीलचं दार ठोठावलं.

"तुझी सिस्टीम पळून गेली!"

"पेनड्राइव्ह कुठाय?"

"तुलाच नाही का दिला, ओटकेकबरोबर?"

नील पोट धरून हसायला लागला. "अगं बाई, सगळी सिस्टीम त्यातच होती! तू नुसती चालवून बघत होतीस. मुलगा पसंत केलास आणि लग्न न लावताच घरी पाठवलास! रडू नकोस, आम्ही सगळ्यांनी हे एकेकदा केलंय."

अल्माच्या स्वयंपाकघरात बसून त्याने आधी कॉम्प्युटरमधले तिचे फोटो दुसरीकडे उतरवून घेतले. मग पडद्यावर प्रश्न आला: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? नीलने हात मागे घेतला. "हे मालकिणीनेच दाबायचं असतं."

अल्माने बोट बटणावर नेलं. निम्मी का होईना, वाक्यं मिळत होती. तीही गेली तर? मग तिला मर्लचं 'राहू दे' आठवलं आणि तिने बटण दाबलं.

पुढच्या रविवारी मर्ल दहा विनवण्यांनंतर एकदाची समोर आली, पण हाताची घडी घालून. बहिऱ्या माणसाने हाताची घडी घालणं म्हणजे तोंडावर दार लावणंच. अल्मा सांगत राहिली: पेनड्राइव्हची फजिती, नीलचं हसणं, पळून गेलेला नवरा मुलगा. मर्लचे खांदे हलायला लागले. घडी सुटली आणि मग त्या हातांना धरबंद राहिला नाही. एकही शब्द वाया जात नव्हता. शेवटी अल्माचीच बोटं दुखायला लागली आणि तिने 'हळू' अशी खूण केली.

'यंत्राला उगाच नावं ठेवलीस,' मर्लचे हात म्हणाले. 'अडकतात ते तुझेच हात.' आणि पुढे, 'माझाही कॉम्प्युटर आता रोज तीच सूचना दाखवतोय. मला कोण बसवून देईल?'

अल्माने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

'तू? तुला येतं?'

'एकदा चुकलेय,' अल्मा म्हणाली. 'म्हणजे येतं.'